पडदाच बदला की!

रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, काम करते असं सांगितलं की बहुतेक जण हेच विचारतात, नेत्रदान होतं ना, मग खराब झालेला पडदा काढून दुसरा का नाही बसवत? आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नेत्रदानातून बसवतात तो पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया. तो नीट शिवला की काम भागतं. पडदा का नाही, हे मला पुस्तकातून नाही, शिकत असताना बोकडाचा डोळा कापला तेव्हा कळलं. पुढचा अर्धा भाग काढला, आतली जेली काढली, तर पडदा आपोआप सुटून भिजलेल्या टिश्यू पेपरसारखा लोंबायला लागला, चिमट्यात धरला की फाटायचा, आणि त्याच्यामागे अशी मोरपंखी चमक की मी कामच विसरले (ती बोकडात असते, आपल्यात नाही). पण एका ठिकाणी मात्र तो घट्ट धरून होता, जिथून मेंदूकडे जाणारी नस निघते तिथे. माणसाच्या त्या नसेत 10 लाखांच्या आसपास तंतू असतात आणि एकदा तुटले की ते परत वाढून मेंदूपर्यंत पोचत नाहीत. झालं, तुमचं उत्तर एवढंच.

झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशाचा पडदा मात्र इजा झाली तरी परत उगवतो! ज्या म्युलर पेशी त्याच्यात हे काम करतात त्या आपल्याकडेही आहेत, फक्त आपल्या ढिम्म बसून राहतात. त्यांना हलवायचं कसं यावर बरेच जण डोकं लावून बसलेत.

मग पुढचा प्रश्न येतो, आरपीवर (रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) औषध निघालं का? अहो, आरपी हा एक आजार नाहीच, कितीतरी वेगवेगळ्या जीन्समधल्या बिघाडांना मिळून दिलेलं ते एक नाव आहे. त्यातला पहिला जीन, रोडॉप्सिनचा (पडद्यातलं प्रकाश टिपणारं प्रथिन), 1990 मध्ये सापडला. 2017 मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या जीन उपचाराला मंजुरी मिळाली, त्यात चांगला जीन विषाणूत भरून पडद्याच्या खाली थेंबभर सोडतात, पडदा फोडासारखा वर उचलला जातो आणि मग हळूहळू बसतो. पण ते फक्त आरपीई65 या एका जीनसाठी, आणि तेही पेशी जिवंत असतील तरच.

पेशी मेल्या असतील तर? 2021 मध्ये आरपीच्या एका 58 वर्षांच्या माणसाबद्दल रिसर्च पेपर आला, त्याच्या पडद्यातल्या उरलेल्या पेशींना शेवाळापासून घेतलेल्या प्रथिनाने प्रकाश ओळखायला लावलं होतं. खास गॉगल लावून त्याला टेबलावरची वही सापडली. बातम्यांनी लगेच 'दृष्टी परत आली' करून टाकलं, मला तो चीड आणणारा प्रकार वाटला, पण वही सापडली हेच मला केवढं मोठं वाटतं.

त्यामुळे हल्ली औषधाचं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, जीन टेस्ट केलीय का, कुठला जीन निघाला? बऱ्याचदा समोरून उत्तर येतं, "तशी टेस्ट असते?"