कर्ता कुठे गेला?

‘शब्द कळले की अर्थ कळतोच, मग वाक्यरचनेचा एवढा आग्रह कशासाठी?’ व्याकरण शिकवतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

‘धावणाऱ्या मुलाच्या बहिणीला तिने हाक मारली.’ यातला एकही शब्द अवघड नाही. तरी धावतंय कोण, मुलगा की बहीण? दोन्ही अर्थ लागतात. शब्द तेच, क्रम तोच. फक्त ‘धावणाऱ्या’ हे विशेषण आपण कुणाशी जोडतो त्यावर सगळं ठरतं. ही जोडणी कागदावर दिसत नाही, वाचणारा ती मनातल्या मनात करतो.

मला त्याहून मोलाची वाटते ती रचनेतली जबाबदारीची वाटणी. ‘मी कप फोडला’, ‘कप फुटला’, ‘माझ्या हातून कप फुटला’. घटना एकच. ‘फोडणे’ सकर्मक, त्याला फोडणारा लागतोच. ‘फुटणे’ अकर्मक, तिथे कपच कर्ता होऊन बसतो आणि माणूस वाक्यातून नाहीसा होतो. तिसरी रचना मला फार माणुसकीची वाटते: हात माझा होता हे कबूल, पण तसं करायचं मनात नव्हतं. पाणिनीने अष्टाध्यायीत ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) अशी कर्त्याची व्याख्या केली आहे. ‘माझ्या हातून’ म्हणताना मी नेमकं ते स्वातंत्र्यच नाकारत असतो. ‘मी चालत नाही’ आणि ‘मला चालवत नाही’ यांतही तेच. पहिल्यात नकार असू शकतो, दुसऱ्यात शरीराची असमर्थता आहे. म्हणून ‘झाडं तोडली गेली’, ‘गोळीबार झाला’ असं वाचलं की मी थांबतो. तोडली कुणी? गोळ्या झाडल्या कुणी? विद्यार्थ्यांनी हे विचारायला शिकावं, एवढ्यासाठी तरी व्याकरण शिकवावंसं वाटतं.

शिवाय काही गोष्टी प्रत्येक भाषा आपल्याकडून वदवूनच घेते. भाषांमधला खरा फरक काय सांगता येतं यापेक्षा काय सांगावंच लागतं यात असतो, असं भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं. तुर्कीत ‘तो आला’ हे स्वतःच्या माहितीतलं असेल तर ‘गेल्दी’, दुसऱ्याकडून किंवा खुणांवरून कळलं असेल तर ‘गेल्मिश’. प्रत्यय निवडताना ही माहिती कुठून आली तेही सांगून होतं. मात्र त्या ‘गेल्दी’वरून आलेली व्यक्ती बाई की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही.