व्हीपीएनसोबत आलेला पासवर्ड मॅनेजर ऑफिससाठी तपासून पाहिला, त्याचा अनुभव

टिळक रोडजवळ माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. मी, एक सहकारी आणि जून-जुलैत हंगामापुरती येणारी एखादी बी.कॉम.ची विद्यार्थिनी, एवढीच माणसं. प्रवासात हॉटेलच्या वायफायवर काम करावं लागतं म्हणून व्हीपीएनची (इंटरनेटवरची ये-जा झाकणाऱ्या सेवेची) दोन वर्षांची वर्गणी घेतली, तर त्या सवलतीच्या प्लॅनमध्ये त्याच कंपनीचा पासवर्ड मॅनेजरही निघाला, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपाखाली सांभाळणारं ॲप. वेगळे पैसे नाहीत, ॲप हाताशी. सहकारी म्हणाली, "मॅडम, आहेच तर वापरायला काय हरकत आहे?"

हरकत आहे की नाही हे नीट तपासणं भागच होतं, कारण त्यात जाणारे पासवर्ड माझे नव्हते. प्राप्तिकर, जीएसटी, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल), पीएफ... एकेका क्लायंटचे तीन-चार. सदाशिव पेठेतले एक काका दर जुलैला फोन करून सांगतात, "मॅडम, पासवर्ड तोच आहे, नातवाचं नाव आणि पुढे वर्ष." माणसं इतक्या विश्वासाने आपली मिळकत, बँकखाती, आधार-पॅन सगळं आपल्या हवाली करतात. आतापर्यंत हे सारं एका एक्सेल फाइलमध्ये होतं. फाइलला पासवर्ड होता, पण ती एकदा उघडली की सगळ्यांचं सगळं स्क्रीनवर. ते बदलायचं हे ठरलेलंच होतं. बदलून कशात ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

कंपनीचं नाव इथे देत नाही. मी जे तपासलं ते असा कुठलाही जोडीने येणारा मॅनेजर घेताना तपासावं लागेल.

आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट केली. ही दोन्ही एकत्र विकली जात असली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. व्हीपीएन तुमच्या लॅपटॉपपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता झाकतं. पासवर्ड मॅनेजर नोंदी तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद करून मग बाहेर पाठवतो, त्यामुळे व्हीपीएन चालू असो वा बंद, त्याला फरक पडत नाही. व्हीपीएन चांगलं चालतं म्हणून मॅनेजरही चांगला असेल, असं काही नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फरक म्हणजे, व्हीपीएन आवडलं नाही तर उद्या दुसरं घेता येतं, मागे काही राहत नाही. पासवर्ड मॅनेजर सोडायचा तर सगळं सामान उचलून न्यावं लागतं. म्हणून मी सुरुवात शेवटापासून केली: वर्गणी संपली, त्या दिवशी काय होतं?

भारतात हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या कपातींना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले. आधी मँडेट (कपातीची परवानगी) नोंदवायचं, कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी घ्यायचा. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण परदेशी कंपनीने ही सोय केलेली नसेल तर खात्यात पैसे असूनही नूतनीकरण अडतं. दुसरं म्हणजे खुद्द व्हीपीएन कंपन्यांचं इथलं बस्तान. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढून सर्वसामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना त्या ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपीच्या (इंटरनेटवरच्या पत्त्याच्या) नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क अशा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. सेवा बंद झाली नाही, पण धोरण एका झटक्यात कसं बदलू शकतं ते दिसलं. ज्या धंद्यात असं होऊ शकतं, त्याच्या गाडीला मी क्लायंटच्या पासवर्डांचा डबा जोडावा का?

मदत-चॅटवर विचारलं. एकाने सांगितलं, "सगळं उपलब्ध राहतं." दुसऱ्याने मदतपानाची लिंक पाठवली, तिथे वैशिष्ट्यांची यादी होती. मग मी वेगळ्या ईमेलवर एक महिन्याची वर्गणी घेतली, खोट्या नावांच्या काही नोंदी टाकल्या आणि मुदत संपू दिली. ते खातं मुरत असताना बाकीची तपासणी सुरू केली.

कुलुपाच्या बाबतीत मॅनेजर चांगला उतरला, हे मोकळेपणाने सांगते. मास्टर पासवर्डपासून (सगळ्या नोंदी उघडणारा एकच पासवर्ड) किल्ली बनवायला आरगॉन२ ही अंदाज लावणं मुद्दाम संथ करणारी पद्धत वापरली होती, बाहेरच्या संस्थेकडून केलेल्या तपासणीचा अहवाल वाचायला ठेवला होता आणि नोंदींबरोबर वेबसाइटचे पत्तेही एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होत होते. हा शेवटचा मुद्दा मी खास शोधला, तो लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमुळे. २०२२ मध्ये त्यांच्याकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे सगळ्या नोंदींच्या साठ्यांच्या, प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते; आणि कित्येक जुन्या खात्यांमध्ये किल्ली बनवताना करायच्या हिशेबाच्या फेऱ्या (जितक्या जास्त, तितकं अंदाज लावणं संथ) फार कमी ठेवलेल्या होत्या. म्हणजे चोराला कुणाची तिजोरी आधी फोडायला घ्यावी हे बाहेरूनच कळणार, आणि मास्टर पासवर्ड कच्चा असेल तर निवांत बसून अंदाज लावता येणार. तिजोरी चोराच्या हातात पडल्यावरही टिकेल का, हीच खरी कसोटी.

त्याच ओघात आणखी एक बघितलं. व्हीपीएनच्या खात्याचा पासवर्ड आणि तिजोरीचा मास्टर पासवर्ड एकच आहे की वेगळे? काही ठिकाणी वेगळे असतात. प्रोटॉन या कंपनीत एकाच खात्याच्या पासवर्डने सगळं उघडतं, हवा असेल तर त्यांच्या मॅनेजरला, प्रोटॉन पासला, आणखी एक लावता येतो. माझ्याकडच्यात वेगळे होते. ते बरं, कारण व्हीपीएनचा पासवर्ड फोन, टीव्ही, कुठेकुठे टाकला जातो.

मग आयात. एक्सेलची फाइल सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून द्यायची, एवढंच काम, पण त्यात बारीक खाचा आहेत. साधं सीएसव्ही केलं की क्लायंटची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. सेव्ह करताना यूटीएफ-८ वालं सीएसव्ही निवडावं लागतं. बरोबरीच्या चिन्हाने किंवा अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड एक्सेलला गणिताचं सूत्र वाटतो. शून्याने सुरू होणाऱ्या ग्राहक क्रमांकाचं शून्य उडतं, लांबलचक आकडा पुढे ई लावून आखूड होतो. कॉलम आधीच टेक्स्ट म्हणून ठरवून घेतला तर हे टळतं. आणि काम झालं की ती सीएसव्ही पुसायची, रिसायकल बिनमधून पुसायची, आणि डाउनलोड्सचा फोल्डर क्लाउडवर आपोआप जात असेल तर तिथूनही. सगळ्या क्लायंटचे पासवर्ड उघडे असलेली फाइल हीच या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत धोक्याची वस्तू आहे. मी चाचणीसाठी खऱ्या नोंदी घेतल्याच नाहीत, फक्त त्याच घडणीच्या बनावट नोंदी घेतल्या.

खरी परीक्षा पोर्टलवर झाली. प्राप्तिकराच्या पोर्टलवर आधी पॅन टाकायचा, पुढच्या पडद्यावर सुरक्षा संदेशासमोर टिक करायची आणि मग पासवर्ड. घरच्या माणसाला एकच खातं असतं, त्याला काही अडत नाही. आमच्याकडे एकाच साइटची शंभरावर खाती. दुसऱ्या पडद्यावर मॅनेजरने भली मोठी यादी उघडली, आणि तीत दिसत होते फक्त पॅन. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. पाटील, पवार, पानसे, पुरंदरे: सगळ्यांचं मधलं पीपी. ३१ जुलैच्या आदल्या संध्याकाळी, डोळे थकलेले असताना, या यादीतून बरोबर ओळ निवडायची. चुकीचा पासवर्ड वारंवार गेला की खातं काही वेळ लॉक होतं आणि क्लायंटचं काम अडतं. नोंदीला मी "पाटील, कोथरूड" असं शीर्षक दिलं होतं, ते त्या यादीत दिसतच नव्हतं. ट्रेसेसवर युजर आयडी आणि पासवर्डबरोबर टॅनही (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो. टॅनसाठी वेगळा रकाना नव्हता, तो टिपणात लिहून हाताने कॉपी करावा लागत होता.

एक फायदा मात्र मनापासून पटला. हा मॅनेजर पासवर्ड भरण्याआधी साइटचा पत्ता ताडून बघतो. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असेल तर तो गप्प बसतो. रिफंडच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंकवर घाईत क्लिक झालं तरी हे गप्प बसणं मोठा इशारा ठरतो. तो कुठल्याही बऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये मिळतो, आणि केवळ त्यासाठीसुद्धा एक्सेल सोडावं, असं माझं ठाम मत झालं. (वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲपच्या, फाइलपासून मात्र तो वाचवत नाही. तिथे फाइल न उघडणं एवढाच उपाय.)

वाटणीच्या मुद्द्यावर निर्णय जवळजवळ झालाच. जोडीने आलेला प्लॅन एका व्यक्तीचा. सहकारीला नोंदी द्यायच्या तर तिचं वेगळं खातं हवं आणि एकेक नोंद वेगळी पाठवायची. ऑफिसने मिळून एकच मास्टर पासवर्ड वापरायचा, हा मार्ग मला मान्य नव्हता. हंगामी विद्यार्थिनी ऑगस्टमध्ये गेली की तिचा प्रवेश काढता यायला हवा. "पासवर्ड लपवून वाटा" अशी सोय होती, पण त्यावर विसंबू नये. जो पासवर्ड ब्राउझर भरू शकतो, तो त्या ब्राउझरसमोर बसलेला जाणकार माणूस पाहू शकतो.

तेवढ्यात चाचणीच्या खात्याची मुदत संपली. तिजोरी उघडत होती, नोंदी वाचता येत होत्या. नवी नोंद घालता येत नव्हती, आपोआप भरणं बंद झालं होतं. एक्सपोर्टची (सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढायची) कळ दाबली की वर्गणीचं पान समोर येत होतं. शंभरावर क्लायंटच्या नोंदी एकेक करून हाताने उतरवून घ्यायच्या, याची कल्पना करून बघा. तिथेच हा पर्याय ऑफिससाठी बाद केला.

त्याच्या जागी काय, यावर फार घोळ घातला नाही. कीपासएक्ससी पाहिला, फुकट आहे, नेटवर न जाता एका फाइलमध्ये सगळं ठेवतो आणि एकट्या माणसासाठी मी तो आनंदाने सुचवीन. आम्ही दोघी एकाच वेळी फाइलमध्ये लिहितो, तिथे गोंधळ होण्याची भीती होती. शेवटी बिटवॉर्डन घेतला. सोर्स कोड खुला आहे, दोन व्यक्तींची संस्था फुकट करता येते, टॅनसारखे वेगळे रकाने करता येतात आणि भरताना यादीत नोंदीचं नाव दिसतं. पैसे न भरताही एक्सपोर्ट चालतो. तिसरी व्यक्ती आली की पैसे लागतात, ते मी भरते. महिन्यातून एकदा एन्क्रिप्ट केलेली प्रत पेन ड्राइव्हवर जाते.

मास्टर पासवर्ड ठरवताना मराठी माणसाने लक्षात ठेवावं असं एक सापडलं. देवनागरीत पासवर्ड ठेवू नये. "दऱ्या" मधला तो अर्धा र दोन वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा. फोनवर उघडेल आणि लॅपटॉपवर उघडणार नाही. रोमन लिपीत मराठी शब्द चालतात, पण ज्ञ, ळ, क्ष असलेले टाळावेत, कारण स्पेलिंग आज एक, उद्या दुसरं होतं. फासे टाकून शब्द निवडायची रीत सर्वांत चांगली. पाच फाशांचे ७,७७६ मेळ होतात, तितक्या शब्दांची यादी तयार मिळते. असे सहा शब्द घेतले की तिजोरी चोरीला गेली तरी नुसत्या अंदाजाने ती उघडणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचं आहे. मात्र शब्द फाशांनीच निवडावेत, मनाने नाही. मनाने निवडले की पर्वती, सिंहगड, मुलांची नावं येतात. माझे शब्द लिहिलेला कागद पाकिटात बंद करून लॉकरमध्ये ठेवला आहे आणि नवऱ्याला ठाऊक आहे. मला काही झालं तर क्लायंटची विवरणपत्रं अडू नयेत.

आईची पासवर्डांची वही मात्र कपाटात तशीच ठेवली. पंचाहत्तरीच्या बाईला मास्टर पासवर्ड शिकवण्यापेक्षा "फोनवर कुणालाही ओटीपी सांगायचा नाही" हे पक्कं करणं मला जास्त गरजेचं वाटलं.

या निमित्ताने ज्यांचे पासवर्ड आपल्याकडे असण्याची गरजच नव्हती, ते परत केले. जीएसटी पोर्टलवर करदाता आपल्या खात्यातून प्रॅक्टिशनरची नेमणूक करू शकतो आणि हवी तेव्हा ती काढूही शकतो. मग आम्ही आमच्या लॉगिनने काम करतो. बऱ्याच क्लायंटना फोन करून हे करून घेतलं. काकांचा नातवाच्या नावाचा पासवर्डही बदलून झाला. "मॅडम, मग आता मी लक्षात काय ठेवायचं?" म्हणाले. त्यांचा नवा पासवर्ड त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला.

व्हीपीएन प्रवासासाठी चालू आहे. परदेशी सर्व्हर निवडलेला असताना काही सरकारी पोर्टल उघडत नाहीत, तेव्हा हॉटेलचं वायफाय सोडून फोनच्या हॉटस्पॉटवर काम करते. वर्गणीची मुदत संपेल तेव्हा मॅनेजर नसलेला साधा प्लॅन मिळतो का, ते आधी विचारणार आहे.