क्रिस्टल एक नंबर, सिग्नल गायब

पावसाळ्यात रॅडिकल कॅटायनवर (म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला आणि एक इलेक्ट्रॉन एकटाच उरलेला मॉलिक्यूल) काम करायचं म्हणजे डोक्याला ताप. थायान्थ्रीन या दोन सल्फरवाल्या मॉलिक्यूलमधून एक इलेक्ट्रॉन काढला की जो निळा-जांभळा रंग येतो तो पाण्याचा थेंब लागला की गेलाच, अर्धं परत थायान्थ्रीन आणि अर्धं त्याचं ऑक्साइड. तरी आमच्या ज्युनियरने कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड घालून मस्त काळपट क्रिस्टल काढले होते. (पर्क्लोरेट सॉल्ट करू का असं तिने विचारलं होतं, त्याचा स्फोट होऊ शकतो म्हणून सरांनी सरळ नाही सांगितलं.)

त्या दिवशी ती ईएसआर रूममध्ये (ईएसआर म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल पकडणारं तंत्र) आली ती चेहरा पाडूनच. ताई, क्रिस्टलला सिग्नलच नाही हो, नुसती सपाट लाइन, मध्ये कुठेतरी जरासा उंचवटा, सगळं मेलं वाटतं. मी म्हटलं अगं थांब, फेकू नकोस, तेच क्रिस्टल कोरड्या सॉल्व्हंटमध्ये विरघळव आणि परत लाव. तर पाच लाइनी, उंची 1:4:6:4:1 अशा प्रमाणात, एकदम पुस्तकातल्यासारख्या! म्हणजे मेलं काहीच नव्हतं. एक्स-रेचा डेटा उघडल्यावर कळलं की क्रिस्टलमध्ये दोन-दोन कॅटायन समोरासमोर बसलेत, सल्फरवर सल्फर, अंतर 3 आंगस्ट्रॉमच्या जरा वर. साधा एस-एस बाँड 2.05 चा असतो आणि नुसते शेजारी असते तर 3.6 च्या आसपास असते, म्हणजे हे मधलंच काहीतरी प्रकरण. दोघांचे एकटे इलेक्ट्रॉन जोडीला लागले की ईएसआरला दिसणार काय, कपाळ? तो उंचवटा म्हणजे जोडी न जमलेले थोडे उरलेसुरले.

इथपर्यंत सगळे खूश. मग मीटिंगमध्ये ती म्हणाली की सोल्युशनमध्ये पाच लाइनी आल्या म्हणजे तिथेही मॉलिक्यूल सपाटच आहे. न्यूट्रल थायान्थ्रीन मधोमध दुमडलेलं असतं, साधारण 128 अंशांत, उघडलेल्या पुस्तकासारखं, आणि इलेक्ट्रॉन गेल्यावर ते जवळजवळ सपाट होतं हे क्रिस्टलमध्ये दिसतंच. पण पाच लाइनी येतात त्या चार प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) सारखे आहेत म्हणून, आणि ते चार प्रोटॉन दुमडलेल्या मॉलिक्यूलमध्येही सारखेच असतात की! लाइनी मोजून आकार नाही कळत. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले, म्हणजे तिच्या रिपोर्टवर लाल पेन चालणार हे नक्की.

सोल्युशनमधला आकार खरंच हवा असेल तर सल्फरलाच विचारावं लागतं, त्याचा 33 नंबरचा आयसोटोप (वेगळ्या वजनाचा सल्फर अणू), तो निसर्गात सल्फरच्या 0.75 टक्के, त्यामुळे त्याच्या लाइनी मोठ्या लाइनींच्या बाजूला अगदी पुसट. दुपारनंतर आम्ही दोघी तेच करत बसलो, स्कॅनवर स्कॅन ॲव्हरेज करत, ट्यूबमधला रंग टिकतोय ना ते मधूनमधून बघत. आणि क्रिस्टलमधला सपाटपणा मॉलिक्यूलचा स्वतःचा किती आणि जोडीदाराने दाबून आणलेला किती, यावर ती आता माझ्याशीच वाद घालतेय.