तुम्ही विचारलंत म्हणून: दोन टीव्हींपैकी पिक्चर कुणाचं भारी?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला दुकानातून फोटो पाठवतं, शेजारी शेजारी लावलेले दोन टीव्ही आणि खाली एकच प्रश्न, "पिक्चर कुणाचं भारी वाटतंय?" अहो, त्या फोटोत मला टीव्ही नाही, तुमच्या मोबाईलचा कॅमेरा दिसतो! उजेड आणि रंग तो स्वतःच्या मर्जीने ठरवतो आणि वर मी ते माझ्या छोट्या स्क्रीनवर बघणार. तिथे उभे तुम्ही आहात, तेव्हा काय बघायचं तेवढं सांगतो.

दुकानातला डेमो व्हिडिओ आधी बंद करायला लावा. ते पोपट, ती फुलं, कुठलाही टीव्ही छान दिसावा म्हणूनच निवडलेलं असतं सगळं, आणि टीव्ही बहुतेक विविड मोडवर, म्हणजे रंग आणि उजेड भडक करणाऱ्या सेटिंगवर. डोळा उजेडाकडेच ओढला जातो, माझाही गेला होता, मागच्या वेळी रांगेत सगळ्यात लखलखीत होता तोच उचलला आणि घरी रात्री बघतो तर माणसांचे गाल ताप चढल्यासारखे लाल आणि अंधाराच्या सीनमध्ये काळ्याच्या जागी राखाडी धुकं. गाल सेटिंगने सुधारले, धुकं काही गेलं नाही, कारण तो पॅनलचाच, म्हणजे मूळ स्क्रीनचाच गुण.

हे धुकं एलसीडी प्रकारच्या पॅनलचं, त्यात मागून सतत उजेड येत असतो आणि पुढचा थर तो पूर्ण अडवू शकत नाही. क्यूएलईडी, मिनी एलईडी ही नावं वेगळी वाटली तरी सहसा आतून एलसीडीच. त्यातही आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार: आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते) साधारण 1000:1, व्हीएचा 3000:1 किंवा त्याहून जास्त, पण व्हीए बाजूने बघितलं की फिकट पडतं, म्हणून दुकानात समोर उभं राहून झालं की जरा कडेलाही जाऊन बघा. मिनी एलईडीत मागचे दिवे भागाभागाने मंद होतात, त्यामुळे काळं बरंच सुधारतं, फक्त काळ्यावर पांढरे सबटायटल आले की भोवती वलय दिसतं का ते तपासा. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि विझतो, काळं म्हणजे काळंच, पण भर उजेडाच्या खोलीत तो एवढा तळपत नाही आणि एकच लोगो तासन्‌तास स्क्रीनवर राहिला तर डाग बसायची भीती असते.

मी स्वतः आता पेन ड्राईव्ह घेऊनच जातो. त्यात एक अंधारा सीन, एक चेहऱ्याचा क्लोजअप, कॅमेरा हळू सरकतोय असा एक शॉट आणि एक जुना, कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण 4के म्हणजे 3840 गुणिले 2160, सुमारे 83 लाख पिक्सेल, ते दोन्ही टीव्हींत असणारच, पण आपण रोज बघतो त्यातलं बरंचसं 4के नसतंच, तेव्हा उरलेले पिक्सेल टीव्ही कसे भरतो त्यावर खेळ आहे. दोन्हींवर सिनेमा नाहीतर फिल्ममेकर मोड लावा. सुरुवातीला पिवळट वाटेल, पाच-दहा मिनिटं थांबा, मग तेच बरोबर दिसायला लागतं आणि विविड निळं वाटतं.

मोशन स्मूदिंगही बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, टीव्ही मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो (मॅचला ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल ठेवा).

एचडीआरच्या (लखलखीत उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रात दाखवायच्या तंत्राच्या) स्टिकरला भुलू नका. तो सिग्नल टीव्हीला कळतो एवढंच त्यातून समजतं, दाखवायला लागणारा उजेड पॅनलमध्ये आहे की नाही ते नाही, आणि तो नसला तर एचडीआरमध्ये चित्र उलट अंधारंच दिसतं.

आणि फोटो पाठवायचाच असेल तर टीव्हीच्या मागच्या मॉडेल नंबरचा पाठवा, किती इंची तेही लिहा, कारण एकाच मॉडेलच्या दोन साईजमध्ये पॅनल वेगळं असू शकतं.