कॉर्गी आणि फ्लायबॉल: सरावाच्या वहीतून

ऑक्टोबर, पहिला आठवडा

फ्लायबॉल म्हणजे कुत्र्यांची रिले शर्यत. तिच्या सरावासाठी हॉलमध्ये रबरी चटया अंथरून लेन आखली. मापं वहीत लिहून ठेवलेली बरी, नाहीतर दर वेळी टेप काढून वाद. सुरुवातीच्या रेषेपासून पहिली जंप ६ फुटांवर. त्यापुढच्या तीन जंप दहा-दहा फुटांच्या अंतराने. शेवटच्या जंपपासून बॉक्स १५ फूट. सगळे मिळून ५१ फूट. कुत्र्याने चारही जंप ओलांडायच्या, बॉक्सच्या तिरक्या पॅडवर झेपावायचं, त्या दाबाने सुटलेला चेंडू तोंडात धरायचा आणि त्याच चार जंपांवरून परत यायचं. तो परतला की पुढचा सुटणार. एका संघाचे असे चार कुत्रे, आणि शेजारच्या लेनमध्ये दुसरा संघ.

जंपची उंची संघातल्या सर्वांत बुटक्या कुत्र्याच्या मापाने ठरते. नॉर्थ अमेरिकन फ्लायबॉल असोसिएशनच्या नियमांत ती कमीत कमी ७ इंच, जास्तीत जास्त १४. आखूड पायांचा पेम्ब्रोक कॉर्गी खांद्यापाशी भरतो १० ते १२ इंच. म्हणजे तो संघात आला की जंपच्या फळ्या उतरल्या आणि बाकीच्या तीन बॉर्डर कॉलींचं (उंच, वेगवान कुत्र्यांचं) फावलं. कॉर्गीला 'हाइट डॉग' म्हणून मागणी आहे ती यामुळे. पण हा हिशेब अर्धवट मांडला जातो. जंप उतरल्याने तिघांचा मिळून अर्धा सेकंद वाचला आणि कॉर्गीने एकट्याने दीड सेकंद जास्त खाल्ला, तर धंदा तोट्याचाच. बुटका आहे एवढ्यावर भागत नाही.

तो दीड सेकंद कमी करायचा तर कुठे? सरळ धावण्यात फारसा नाही, पायांची लांबी जन्माने ठरलेली. कॉर्गीचा वेळ वाया जातो तो बॉक्सपाशी. त्यामुळे या हिवाळ्याचा बहुतेक सराव तिथेच.

ऑक्टोबर अखेर

बॉक्सच्या आधी बोलावणं पक्कं हवं. एकाने कुत्र्याला छातीच्या हार्नेसला धरायचं (कॉलरला नाही, मानेवर ओढ बसते), दुसऱ्याने नाव घेत पाठ फिरवून पळत सुटायचं. कुत्रा ओढ घ्यायला लागला की सोडायचं. क्रम उलटा ठेवायचा: आधी रेषेजवळची एकच जंप ओलांडून मालकाकडे, मग दोन, तीन, चार, आणि सर्वांत शेवटी बॉक्सपासून. असं केलं की प्रत्येक वेळी कुत्रा अनोळखी टप्प्यातून ओळखीच्या टप्प्याकडे पळतो आणि शेवटाकडे त्याचा वेग वाढत जातो.

जंपला वळसा घालून बाजूने येणारा कुत्रा हट्टी नसतो. दहातल्या आठ वेळा मालक लेनच्या मधोमध नसतो, किंवा वळून बघायला थांबलेला असतो. दोन्ही बाजूंना जाळी लावावी आणि मालकाने रेषेच्या पुढे ३०-४० फूट पळत राहावं. रेषेवरच बक्षीस मिळालं की कुत्रा शेवटच्या जंपपासूनच ब्रेक मारायला शिकतो.

बक्षीस म्हणजे टग, ओढाओढीचं खेळणं. कॉर्गी खाण्यावर जीव टाकतो हे खरं, पण खाऊसाठी त्याला थांबावं लागतं. टगवर तो पूर्ण वेगात येऊन आदळतो. ज्याला टगची गोडी नाही त्याच्यासाठी लोकरी टगच्या आत खाऊची पिशवी शिवून मिळते, तिथून सुरुवात करावी. टग जमिनीलगत, आडवा खेळायचा. वर उचलून कुत्र्याला लोंबकळवणं दिसायला मजेशीर असतं, लांब पाठीच्या कुत्र्याला मात्र ते अजिबात नको.

नोव्हेंबर

वळण.

आधी कुत्र्याचा हात कोणता ते बघायचं. चेंडू सरळ पुढे टाकायचा आणि तो उचलून कोणत्या बाजूने वळतो ते टिपायचं, वेगवेगळ्या दिवशी. डावरा निघाला तर डावराच ठेवायचा. नंतर बाजू बदलणं फार जिकिरीचं होतं, आणि बॉक्समध्ये चेंडू कोणत्या भोकात भरायचा तेही यावरच ठरतं.

मग रबर चिकटवलेली प्लायवूडची फळी, कमी तिरकी, साधारण २० अंश. कुत्र्याने चारही पाय फळीवर घेऊन वळून खाली उतरायचं, इतकंच. ते सहज जमलं की फळी थोडी उभी करायची, असं करत करत बॉक्सच्या कोनापर्यंत. चेंडूचा इथे पत्ताही नको. चेंडू दिसला की कुत्र्याचं डोकं चेंडूत जातं आणि पाय वाऱ्यावर.

फळीपुढे एक बुटकी जंप ठेवतात, तिला प्रॉप म्हणतात. तिच्यामुळे कुत्रा जमिनीवरून सरपटत फळीला भिडू शकत नाही, त्याला झेप घ्यावीच लागते. मोठ्या कुत्र्यांसाठी लावलेलं प्रॉपचं अंतर कॉर्गीला चालत नाही. दीड-दोन फुटांपासून सुरू करून बघावं. झेप घेतल्यावर पुढचे पाय थेट फळीवर पडले तर अंतर बरोबर. आधी जमिनीवर टेकून मग फळीवर चढत असेल तर प्रॉप चुकीच्या जागी आहे. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेमध्ये एक उभा अडसर लावला की वळण आटोपशीर होतं, नाहीतर कॉर्गी ट्रकसारखा घेर घेतो.

चांगलं वळण फोनवर संथ गतीने बघितलं की लगेच ओळखू येतं. पुढचे पाय फळीवर पडतात तेव्हाच अंग आडवं झालेलं असतं. मागचे पाय पोटाखाली गोळा होऊन फळीवर बसतात आणि तेच ढकलतात. मागचे पंजे फळी सोडण्याआधी नाक घराकडे वळलेलं असतं. वाईट वळणात पुढचे दोनच पाय फळीवर येतात, मागचे जमिनीवर रुतून राहतात, कुत्रा चेंडू ओरबाडतो आणि कमरेतून पिळवटून मागे फिरतो. लॅब्राडॉरचा अशाने वेळ जातो. कॉर्गीची पाठ जाते. आखूड पाय देणाऱ्या जनुकीय बदलांपैकी एक मणक्यांमधल्या चकत्यांवरही परिणाम करतो: त्या लवकर कडक होतात आणि निसटण्याचा धोका वाढतो. धक्का चारही पायांत वाटला गेला पाहिजे, हा आग्रह सेकंदांपेक्षा पाठीसाठी जास्त.

पाच-सहा वळणं, विश्रांती, पुन्हा तेवढीच, आणि बस्स. 'आणखी एक चांगलं झालं की थांबू' असं म्हणणारे जे घेतात ते हमखास दमलेल्या कुत्र्याचं वाईट वळण असतं.

सरावानंतर पुढच्या पायांची मागची गादी बघायची, मनगटापाशी असलेली, एरवी जमिनीला न लागणारी. रबरावर ती घासते. कडा गुलाबी, चकचकीत दिसली की पुढच्या वेळी तिथे स्वतःलाच चिकटणारी पट्टी बांधायची, आत एक बोट सहज जाईल इतकी सैल. आवळून बांधली तर पंजा सुजतो. (पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कॉर्गी पाळणाऱ्यांनी वळणाचा सराव गुळगुळीत फरशीवर करू नये. रबरी चटई नसेल तर बाहेर गवतावर.)

डिसेंबर

चेंडू आला. नेहमीचा टेनिस बॉल साधारण ६.७ सेंटीमीटर, कॉर्गीच्या जबड्याला जरा मोठाच. लहान, मऊ चेंडू घ्यावा. तो उसळला आणि घरंगळला पाहिजे, ही अट पाळली की झालं. आधी चेंडू भोकात वेल्क्रोने नुसता चिकटवायचा, वळता वळता उचलायला शिकवायचं, बॉक्सची स्प्रिंग त्यानंतर.

चेंडू तोंडातून निसटत असेल तर तीन गोष्टी तपासायच्या: चेंडू मोठा आहे का, स्प्रिंग जोरात फेकते आहे का, आणि डोकं उशिरा वळतंय का. तिसरं असेल तर चेंडू काढून पुन्हा फळीवर.

वेगळा आजार म्हणजे रेषेच्या अलीकडे चेंडू टाकून देणं. हा कुत्र्याचा नाही, टगचा दोष. शेवटच्या जंपवरून टग दिसला की तोंड मोकळं करावंसं वाटणारच. टग पोटाशी लपवायचा, रेषा ओलांडल्यावर बाहेर काढायचा. शर्यतीत चेंडू टाकला तर त्या कुत्र्याला शेवटी पुन्हा धावावं लागतं, म्हणजे ती फेरी बहुधा गेलीच. आणि चेंडू चघळत बसू द्यायचा नाही. त्याच्या लोकरीत धूळ अडकते आणि दात कानशीने घासल्यासारखे झिजतात.

जानेवारी

दोन जंपांमधल्या दहा फुटांत मोठे कुत्रे एकदाच टेकतात. कॉर्गीला बहुधा दोनदा टेकावं लागतं. ते तसंच राहू द्यावं. एका ढांगेत बसवायचा अट्टाहास केला की तो लांबून उडी मारतो, फळीवर छाती आपटतो आणि मग जंपलाच बिचकतो.

एका पूर्ण धावेत आठ उड्या आणि एक वळण. सहा धावा म्हणजे ४८ उड्या. हे कागदावर मांडलं की पूर्ण लेनचा सराव आठवड्यातून एकदाच का, ते वेगळं सांगावं लागत नाही. बाकी दिवस जमिनीवर काठ्या ठेवून चालत ओलांडणं, उलटं चालणं, डोंगरवाट. वजन तर रोजचंच काम: बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. कॉर्गीची दाट लोकर फसवते, म्हणून डोळ्यांवर नाही, बोटांवर भरवसा.

पिल्लांना इतक्यात यात ओढू नये. हाडांची टोकं जुळायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. तोवर बोलावणं, टग, खांबाभोवती वळसा आणि जमिनीवर सपाट ठेवलेल्या फळ्या पुरेत.

मागचा पंजा उलटा पडणं, चालताना झोकांडी, पाठीला हात लावताच आखडणं, नेहमीच्या पायरीवर अडणं: यातलं एकही दिसलं की सराव बंद आणि त्याच दिवशी पशुवैद्य. 'उद्यापर्यंत बघू' इथे चालत नाही.

फेब्रुवारी

बदली. परतणारा आणि सुटणारा कुत्रा रेषेवर नाकासमोर नाक यावेत, ही आदर्श वेळ. सुटणारा लवकर गेला तर लाल दिवा आणि पुन्हा धाव. प्रत्येक जोडीचं अंतर वेगळं. परतणारा कुठल्या जंपवर असताना कॉर्गीला सोडायचं, ते वहीत जोडीनिहाय लिहावं आणि जमिनीवर टेपने खूण करावी. कॉर्गीला वेग घ्यायला वेळ लागतो, पण फार मागून सोडला की बाजूच्या गडबडीकडे त्याचं लक्ष जातं.

कॉर्गी मूळचा गुरं हाकणारा. समोरून सुसाट येणारं काहीही त्याला अडवायचं असतं, आणि जाणाऱ्याच्या टाचा चावायच्या असतात. म्हणून आधी मध्ये जाळी लावून, शांत स्वभावाच्या कुत्र्याबरोबर, दोन वेगळ्या वाटांनी. जाळी हळूहळू काढायची. एकदा मोठ्या कुत्र्याची समोरासमोर धडक बसली की भीती महिनोन् महिने जात नाही.

त्याच असोसिएशनच्या गुणांचं गणित सोपं. संघाने २४ सेकंदांच्या आत फेरी संपवली तर प्रत्येक कुत्र्याला २५ गुण, २८ च्या आत ५, ३२ च्या आत १. पहिली पदवी 'फ्लायबॉल डॉग' २० गुणांची, म्हणजे एका जलद फेरीतही मिळू शकते. जगातले सर्वांत वेगवान संघ १५ सेकंदांच्या आत संपवतात, ते आपलं गिऱ्हाईक नव्हे. कॉर्गीने सहा सेकंदांच्या आसपास आणि न चुकता धावावं, एवढं पुष्कळ.

मार्च

शर्यतीच्या दिवसाची यादी: क्रेटवर (कुत्र्याच्या पिंजऱ्यावर) चादर (हॉलमधल्या भुंकण्याने कुत्रा नुसता बसूनही दमतो), स्वतःचं पाणी, पट्ट्या, दोन मापांचे चेंडू, लेनवर जाण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि थोडं दुडकणं. गार अंगाने पहिलं वळण नको. फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा चालणं, लगेच क्रेटमध्ये कोंबायचं नाही. घरी गेल्यावर गाद्या, नखं, पाठ. दुसऱ्या दिवशी फक्त फिरणं.

बॉक्सच्या पॅडचं रबर डाव्या कोपऱ्यात सुटायला लागलंय, तिथे पंजा अडकेल. गुरुवारच्या आत चिकटवून घ्यायचं.