तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षी इतके जवळ कसे येतात?

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातले फोटो टाकले की हा प्रश्न येतोच, ताई कुठली लेन्स वापरता, पक्षी इतके जवळ कसे काय येतात तुमच्या? आधी लेन्सचं सांगून टाकते. निकॉनची २००-५०० मिमीची झूम लेन्स आहे, सव्वादोन किलोच्या आसपास वजन, हात भरून येतो. पण जवळून फोटो मिळण्याचं कारण ती लेन्स नाहीये, आणि हे मी मनापासून सांगतेय कारण याच गैरसमजात माझे पहिले दोन हिवाळे वाया गेले.

पहिल्या वर्षीची गोष्ट. चापडगावच्या बाजूला पाण्याच्या कडेला तलवार बदकांचा मोठा थवा बसला होता, मी कॅमेरा उचलला आणि चिखलातून सरळ चालत निघाले, मनात एकच, अजून दहा पावलं, अजून दहा पावलं. एकदम सगळा थवा उठला. तो पंखांचा आवाज अजून कानात आहे, आणि फोटोत आल्या फक्त शेपट्या. बरोबरचे गाईड दादा रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "ताई, आता हे लवकर काय इकडं परत येत नसतात. चला, चहा पिऊ." मला फार वाईट वाटलं होतं. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून आलेले पक्षी ते, इथे चरायला आणि दम खायला आलेले, आणि मी त्यांचं सकाळचं खाणं मोडलं.

वारकरी उडताना बघितलाय का कधी? काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा गंध. त्याला जागेवरून उठता येत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबवर पळतो तेव्हा कुठे हवेत जातो. त्याला उगाच उठवलं की ती सगळी ताकद वाया. भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावर घिरट्या घालायला लागला की हेच वारकरी एकमेकांना चिकटून गोळा होतात, म्हणजे खऱ्या संकटासाठी त्यांना ती ताकद लागते, आपल्या फोटोसाठी नाही.

तर मी काय करते, मी जातच नाही त्यांच्याजवळ. उजाडायच्या आधी पोचायचं, सूर्य पाठीशी येईल अशी जागा बघायची, बेशरमाच्या झुडपांच्या आड पोतं टाकून खाली बसायचं. उभं नाही राहायचं, बसायचं. मातकट कपडे, मोबाईल सायलेंट, कॅमेऱ्याचा शटरसुद्धा सायलेंटवर, आणि मग वाट बघायची. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही आणि बहुतेक लोक इथेच उठतात. मग आधी तुतवार परत येतात शेपटी हलवत, त्यांच्या मागून शेकाटे, लाल काड्यांसारखे पाय टाकत. ते निवांत चरायला लागले की बाकीच्यांनाही धीर येतो.

गेल्या जानेवारीत अशीच बसले होते, पाऊण तास झाला असेल, आणि पाणगवतातून जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. माझ्यापासून पंधरा फुटांवर. तिने चोचीने एक देठ उपटला, मग तो पायाच्या लांब बोटांत धरला, आपण ऊस धरतो ना हातात तसा, आणि आतला पांढरा मऊ भाग सोलून खायला लागली. सोलताना होणारा कुरकुर आवाज मला ऐकू येत होता! मी फोटो काढले पण मधेच कॅमेरा खाली ठेवला आणि नुसतं बघत बसले. तुम्ही सगळ्यात जास्त विचारता तो फोटो हाच.

आणि जवळ असणं का महत्त्वाचं ते पण सांगते. दहानंतर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने काढा, पिसं चिखल झाल्यासारखी दिसतात. त्यावर लेन्स बदलून इलाज नाही. लवकर या आणि पक्ष्याला स्वतःहून येऊ द्या, एवढंच.

एक गोष्ट मात्र शिकाच, पक्ष्याची मान बघायला. चरता चरता थांबला, मान ताठ केली, किंवा हळूहळू तुमच्यापासून लांब सरकायला लागला, तर तो घाबरलाय, तिथेच थांबा, शक्य असेल तर मागे सरका. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून बोलावणं नको, आणि घरट्याचे फोटो तर नकोच नको. उन्हाळ्यात शेकाट्या उघड्या चिखलावर अंडी घालतो, भर उन्हात पोटाची पिसं भिजवून आणून अंड्यांवर बसतो, आपण तिथे उभे राहिलो तर तो येणार कसा? म्हणून कुणी घरट्याची जागा विचारली तर मी सांगत नाही, राग मानू नका.

बाकी जागेचं म्हणाल तर निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला हा जुना बंधारा, गाळ साठून साठून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि पक्ष्यांना ते मानवलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. गावातली मुलं गाईड म्हणून येतात दुर्बीण घेऊन, त्यांना नक्की घ्या, कुठल्या कोपऱ्यात काय उतरलंय हे त्यांना रोजचं ठाऊक असतं.

डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर स्वेटर आणा, पहाटे पाण्याकाठी बोटं गारठतात. थर्मास मी आणते, बसायला पोतं मात्र तुमचं तुम्ही आणा.