एकच प्लग? माझ्याकडून नाही

सध्या एका क्लायंटचा हट्ट चालू आहे. लेझर आणि बलून दोन्ही असलेला कॅथेटर, म्हणजे शरीरात सरकवायची बारीक नळी, पण मागे कनेक्टर एकच हवा. 'डॉक्टरांनी एकदाच खोचायचं, बस.' ऐकायला छान वाटतं.

रबाळे एमआयडीसीत मी कॅथेटरच्या मागच्या टोकाचं, म्हणजे रुग्णाच्या शरीराबाहेर राहणाऱ्या टोकाचं डिझाइन करते. घरी पाहुण्यांना 'डॉक्टरांचं प्लंबिंग' सांगून मोकळी होते.

बलूनला भीती गळतीची. बलूनमध्ये द्रव भरायची सिरिंज ज्याला जोडतात तो ल्युअर; या निमुळत्या कनेक्टरचा सहा टक्के टेपर (उतार) आयएसओ ८०३६९-७ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये ठरलेला आहे, त्यात वाद नाही. पण त्यातली गळतीची चाचणी साधारण ३०० किलोपास्कलला होते, म्हणजे जेमतेम तीन अ‍ॅटमॉस्फिअर. अँजिओप्लास्टीत कॅल्शियम साठलेल्या ब्लॉकवर बलून फुगवताना काटा १२, १६, कधी २० वर जातो. तेव्हा 'स्टँडर्डला पास आहे' म्हणून कोणी फाइल पुढे सरकवली की मी ती परत मागवते. शिवाय बलूनमध्ये सलाइन आणि कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) भरतात, हवा नाही. बलून फुटला आणि हवा रक्तात गेली तर जिवावर बेततं. म्हणून हबच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या, आत बुडबुडा अडकेल असा एकही कोपरा नको, आणि हब पारदर्शक हवा.

पारदर्शक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट. मोल्डिंगचा ताण आत राहिला आणि वरून स्पिरिटचा बोळा फिरला की त्याला केसासारखे तडे जातात. पोलराइज्ड फिल्मच्या दोन तुकड्यांमध्ये हब धरून उजेडात बघितला की हा ताण रंगीत पट्ट्यांत दिसतो. गेटपाशी, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं तिथे, पट्ट्या दाटल्या की मी टूलरूममध्ये जाते. तिथले काका ठरलेलं बोलतात, "मॅडम, गेटला हात नका लावू. आधी मोल्डचं टेंपरेचर वाढवून बघू." बहुतेकदा त्यांचंच खरं होतं.

लेझरला गळतीचं काही नाही, त्याला भीती कचऱ्याची. व्हेरिकोज व्हेन्सवर लेझर नेणाऱ्या काचेच्या फायबरला मागे बहुधा एसएमए ९०५ कनेक्टर असतो, त्याचा फेरूल (फायबर धरणारी छोटी नळी) ३.१७५ मिलिमीटरचा. फायबरच्या पॉलिश केलेल्या तोंडावर धुळीचा एक कण बसला, की तो लेझर शोषतो, तापतो आणि ते तोंडच जाळून टाकतो. फायबर चिकटवायची इपॉक्सी किरणांच्या वाटेत आली तरी तेच. म्हणून जास्त पॉवरच्या कनेक्टरमध्ये फायबरचं टोक फेरूलच्या आत सुटं ठेवतात, भोवती फक्त हवा.

दोन्ही एकत्र आले की खरी गंमत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यासाठी, वापरतात तो लेझर बलून ९८० नॅनोमीटरवर चालतो. साधं पाणी ही वेव्हलेंग्थ शोषतं, म्हणून त्यात जड पाणी भरतात. हो, तेच अणुभट्टीतलं! खाडीपलीकडच्या बीएआरसीवाल्यांना सांगायला हवं.

आता ओल्या ग्लोव्हजमध्ये, घाईत, कोणी एकच प्लग खोचतंय असं समजा. त्यातून द्रवही जाणार आणि लेझरही. द्रवाचा एक थेंब फायबरच्या तोंडावर पडला की संपलं. म्हणून माझं ड्रॉइंग दोन वाटांचं आहे: द्रवाचा ल्युअर हबवर, आणि फायबरची लांब शेपटी वेगळी, थेट लेझर मशीनपर्यंत. तिच्यावरची कॅप मशीनपाशी पोचल्यावरच काढायची. आणि शेपटी चुकून ल्युअरमध्ये कशीही दाबली तरी बसणार नाही असा तिच्या टोकाचा व्यास. अशाच चुकीच्या जोडणीने, फीडिंग ट्यूब शिरेच्या लाइनला जोडली जाऊन माणसं दगावली, तेव्हा कुठे ८०३६९ ची मालिका निघाली.

क्लायंटला हे ड्रॉइंग सोमवारी जातंय. एकच प्लग हवाच असेल तर त्यांनी दुसरा डिझायनर बघावा.